नाव, भाषा आणि इतिहास : अमेरिकेतील आफ्रिकी वंशजांचा धडा



माणसाला गुलाम करावयाचे तर केवळ त्याच्या पायात बेडी अडकवून भागत नाही. बेडी तोडता येते, रात्रीच्या अंधारात पळूनही जाता येते. म्हणून गुलामाचा मालक त्याच्यापासून आणखी तीन गोष्टी काढून घेतो. पहिली त्याचे नाव, दुसरी त्याची भाषा आणि तिसरी त्याच्या पूर्वजांची आठवण. या तीन गोष्टी गेल्या की माणूस स्वतःकडेही मालकाच्याच नजरेने पाहू लागतो आणि मग त्याला पहाऱ्याचीही फारशी गरज उरत नाही.

आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या लोकांकडून या तीन गोष्टी कशा हिरावल्या गेल्या, हिरावूनही काय शिल्लक राहिले आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी ते पुन्हा कसे हाती घेतले, हे आपणास या पाठात पाहावयाचे आहे. घरात ज्याला वाचता येते त्याने हा लेख इतरांना मोठ्याने वाचून दाखवावा. शेवटी काही प्रश्न दिले आहेत, त्यांवर सर्वांनी मिळून बोलावे.

१. किती माणसे, कोठून कोठे

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६६ पर्यंत युरोपातील व्यापाऱ्यांनी सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे रवाना केली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. उरलेले सुमारे १८ लाख लोक वाटेतच रोगाने, उपासमारीने वा मारहाणीने मेले आणि त्यांची प्रेते समुद्रात फेकली गेली. सर्वांत मोठा भाग, म्हणजे ४८ लाखांवर माणसे, ब्राझीलमध्ये गेली. आज ज्याला आपण अमेरिका म्हणतो त्या देशात थेट आफ्रिकेतून आलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी, सुमारे ३ लाख ९० हजार होती. परंतु गुलामाचे मूल जन्मतःच गुलाम असा कायदा असल्यामुळे १८६० च्या शिरगणतीत तेथे ३९ लाखांहून अधिक गुलाम नोंदले गेले. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने ही प्रथा कायद्याने बंद झाली.

ही सर्व माणसे एका जातीची वा एका भाषेची नव्हती, हे ध्यानात घ्यावे. त्यांत मेंडे होते, वाय होते, फुला, वोलोफ, अकान, योरुबा, इग्बो, कोंगो होते. कोणी भात पिकविणारा, कोणी लोहार, कोणी विणकर, कोणी अरबी लिहू-वाचू शकणारा मुसलमान. जहाजात चढताना त्यांना आपापली नावे, गावे आणि कुळे होती. जहाजातून उतरल्यावर त्या सर्वांचे मिळून एकच नाव झाले : ‘नीग्रो’. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत या शब्दाचा अर्थ नुसता ‘काळा’ असा आहे. रंगापलीकडे या माणसांत पाहण्यासारखे काही आहे असे विकत घेणाऱ्याला वाटलेच नाही.

२. नाव कसे गेले

जहाजाच्या नोंदवहीत माणसांचे बहुधा केवळ आकडे असत : पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, मुले इतकी. नाव पुढे मळ्याच्या मालकाने ठेवावयाचे. पुष्कळ मालक आपल्या गुलामांची नावे सीझर, पाँपी, सिपिओ अशी ठेवीत. ही प्राचीन रोमच्या सेनापतींची नावे होत. ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही आणि ज्याला स्वतःच्या मुलावरही हक्क नाही, त्याला ‘सीझर’ म्हणून हाक मारावयाची, ही त्या माणसाची थट्टाच होती. आपल्याकडेही अशी थट्टा होतीच, फक्त तिची तऱ्हा उलटी होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू ही नावे आपल्या वस्तीत किती होती, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे.

पण मळ्यावरील नाव एक आणि घरातील नाव दुसरे, अशी वाट त्या लोकांनी काढली. घाना या आजच्या देशातील अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून नाव ठेवण्याची रीत आहे. सोमवारचा कोजो, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावे ठेवतात, तसेच हे. अमेरिकेतील जुन्या दप्तरांत कजो, कफी, क्वाश अशी नावे आढळतात ती याच नावांची रूपे होत. मालकाच्या कारकुनाला त्यांचा अर्थ कळत नव्हता, म्हणूनच ती टिकली.

स्वातंत्र्य मिळवताच माणूस पहिल्यांदा नावाकडे कसा वळतो, याची दोन उदाहरणे पाहू. फ्रेडरिक बेली नावाचा तरुण ३ सप्टेंबर १८३८ रोजी मेरीलँड राज्यातील गुलामीतून पळाला. पकडले जाऊ नये म्हणून त्याने आडनाव बदलले आणि शेवटी एका काळ्या स्नेह्याने सुचविलेले ‘डग्लस’ हे आडनाव घेतले. मात्र ‘फ्रेडरिक’ हे नाव त्याने सोडले नाही. आपण कोण याची खूण राहावी म्हणून ते त्याने मुद्दाम जपले. हाच पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणारा थोर वक्ता व लेखक फ्रेडरिक डग्लस झाला.

दुसरे उदाहरण विसाव्या शतकातील. १९२५ साली जन्मलेल्या माल्कम लिट्ल या तरुणाने तुरुंगात असताना वाचन केले, धर्मांतर केले आणि ‘लिट्ल’ हे आडनाव टाकून दिले. हे आडनाव आपल्या पूर्वजांचे नसून त्यांना विकत घेणाऱ्या गोऱ्याचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. मग खरे आडनाव कोणते ? ते तर कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्या जागी त्याने ‘एक्स’ हे अक्षर लावले. बीजगणितात आपण अज्ञात संख्येसाठी ‘क्ष’ लिहितो, तसेच हे. माल्कम एक्स या नावातच एक प्रश्न होता : माझे नाव कोणी आणि कोठे पुसले ? १९६५ साली त्याची हत्या झाली, पण तो प्रश्न राहिला.

३. अक्षराची आणि ढोलाची बंदी

९ सप्टेंबर १७३९ रोजी साउथ कॅरोलायना वसाहतीत स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवीत ते दक्षिणेकडे, स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने, स्वातंत्र्यासाठी निघाले. उठाव मोडला गेला. दुसऱ्याच वर्षी, १७४० साली, तेथील विधिमंडळाने नवा कायदा केला. गुलामाला लिहावयास शिकविणाऱ्यास १०० पौंड दंड ठेवण्यात आला. ढोल आणि शिंगे वाजविण्यासही बंदी झाली. अक्षराने निरोप दूर जातो आणि ढोलानेही जातो. म्हणून मालकवर्गाने दोन्ही एकदम बंद केले.

डग्लसची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. लहानपणी बाल्टिमोर शहरातील मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली. तिच्या नवऱ्याने ते पाहिले आणि ताबडतोब थांबविले. शिकलेला गुलाम हाताखाली राहावयाचा नाही, असे त्याचे म्हणणे. मुलाने ते ऐकले आणि मुक्तीची वाट कोणती ते त्याला त्या क्षणी उमगले. पुढे तो रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना पावाचा तुकडा देई आणि त्यांच्याकडून एकेक अक्षर शिकून घेई. जी गोष्ट मालक इतक्या धास्तीने लपवितो, तीच आपल्या कामाची असली पाहिजे, हा त्याचा हिशोब अगदी बरोबर होता.

४. उरलेली भाषा : गल्ला

लेखणी नाही, ढोल नाही, एकमेकांची बोली कळत नाही. अशा स्थितीत मेंडे माणूस इग्बो माणसाशी काय बोलणार ? मालकाच्या इंग्रजीतील शब्द घेऊन, पण आपापल्या भाषांच्या चालीवर त्यांची जुळणी करून, या लोकांनी नव्या भाषा घडविल्या. हैतीची क्रेओल, जमैकाची पात्वा या त्यांपैकीच. हैतीत मात्र शब्द फ्रेंचमधून घेतले गेले. अमेरिकेत अशी एक भाषा साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया राज्यांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर तयार झाली. तिचे नाव ‘गल्ला’. जॉर्जियाकडे तिला ‘गीची’ असेही म्हणतात.

ती तेथेच का टिकली, याची कारणे भाताच्या शेतीत आहेत. त्या दलदलीच्या किनाऱ्यावर भात पिकविण्याचे ज्ञान गोऱ्या मालकांना नव्हते. ते पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांना होते. म्हणून सिएरा लिओन आणि त्याच्या आसपासच्या भात-प्रदेशातील माणसांना चार्ल्स्टनच्या बाजारात विशेष मागणी असे. १७०८ च्या सुमारासच त्या वसाहतीत काळ्यांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली. उन्हाळ्यात हिवतापाच्या भयाने मालक शहराकडे निघून जात आणि मळ्यावर आफ्रिकी माणसेच उरत. बेटांना पूल नव्हते. हिल्टन हेड या बेटाला पूल झाला तो १९५६ साली.

ही भाषा ऐकून गोरे विद्वान काय म्हणत ? हे मोडके इंग्रजी आहे, अडाण्यांनी बिघडविलेले आहे. कोणी तर या लोकांच्या जाड ओठांना आणि आळशी जिभेला दोष देई. हे खोटे ठरविले एका काळ्या प्राध्यापकाने. त्यांचे नाव लॉरेन्झो डाउ टर्नर. जन्म १८९०, हार्वर्ड आणि शिकागो विद्यापीठांत शिक्षण. १९२९ च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनातील एका महाविद्यालयात शिकवीत असता त्यांच्या कानी विद्यार्थ्यांची गल्ला बोली पडली आणि हे केवळ बिघडलेले इंग्रजी नव्हे, अशी त्यांना शंका आली. शंका आली म्हणून ते लिहून मोकळे झाले नाहीत. जड ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन ते बेटाबेटांवर हिंडले. परक्यासमोर ती माणसे आपली बोली लपवीत, म्हणून आधी त्यांचा विश्वास मिळविला. मग लंडनला जाऊन आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. असे करीत १९४९ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथात सुमारे ४,००० आफ्रिकी मुळाचे शब्द आहेत, आणि त्यांतील बहुतेक माणसांची नावे आहेत ! ही घरातील नावे होत. शाळेच्या पटावर मुलाचे नाव इंग्रजी असे. आजी मात्र हाक मारी ती दुसऱ्याच नावाने. या नावांचा अर्थ पुष्कळदा त्या आजीलाही ठाऊक नव्हता. पण ते नाव सिएरा लिओनमधील वा नायजेरियातील माणसाला सांगताच तो अर्थ सांगू शके. दोनशे वर्षे अर्थ हरवला, पण ध्वनी हरवला नाही.

शब्दांचीही गंमत पाहा. गल्लामध्ये ‘तुम्ही सर्व’ यासाठी ‘ऊना’ असा शब्द आहे. इग्बो भाषेत तो ‘उनू’ आहे. भेंडीला इंग्रजीत ‘ओक्रा’ म्हणतात, तो शब्द इग्बोतून आला. भुईमुगाच्या शेंगेला दक्षिण अमेरिकी राज्यांत ‘गूबर’ म्हणतात, तो कोंगोकडील ‘न्गुबा’. म्हणजे गुलामांनी मालकाची भाषा घेतली एवढेच खरे नाही. मालकाच्या भाषेनेही गुलामांचे शब्द घेतले आणि ते कोणाचे हे मात्र सांगितले नाही.

५. कबरीजवळचे गीत

टर्नर यांच्या ध्वनिमुद्रणात एक गीत होते. जॉर्जिया किनाऱ्यावरील हॅरिस नेक या गावच्या अमेलिया डॉली या बाईंनी ते १९३० च्या दशकाच्या आरंभी म्हटले होते. ते त्यांना आईकडून मिळाले होते. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मुलांना खेळवताना म्हणावयाचे गाणे एवढेच माहीत. सिएरा लिओनहून अमेरिकेत शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याने ते ऐकले आणि ही आपली मेंडे भाषा आहे, हे तत्काळ ओळखले.

पुढे सुमारे साठ वर्षांनी जोसेफ ओपाला, सिंथिया श्मिट आणि मेंडे भाषातज्ज्ञ ताझिएफ कोरोमा या तिघांनी ते गीत घेऊन सिएरा लिओनमध्ये शोध सुरू केला. गीतातील एक शब्द विशिष्ट भागातीलच बोलीचा आहे हे कोरोमांनी ओळखले. त्या मागाने जाता सेनेहून न्गोला या खेड्यात बैंदू जबाती नावाची स्त्री भेटली. तिला तेच गीत येत होते. तिला ते आजीने शिकविले होते. तेथे ते बाळाला खेळवण्याचे गाणे नव्हते. मृताच्या कबरीजवळ स्त्रिया करीत त्या विधीचे गीत होते. जन्म आणि मृत्यू यांचे विधी तेथे स्त्रियांकडे असतात. समुद्राच्या दोन्ही बाजूंस ते आईकडून मुलीकडे, आजीकडून नातीकडे आले.

सिएरा लिओनमधील यादवी युद्धामुळे भेट लांबली. शेवटी १९९७ साली अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरान, तेव्हा वृद्ध झालेली, आपल्या कुटुंबासह त्या खेड्यात गेली. दोन स्त्रियांनी एकच गीत म्हटले. १९९८ साली या साऱ्यावर चित्रपट निघाला. माणूस कोणत्या भाषेत रडतो त्यावरून तो कोण हे कळते, अशा आशयाची मेंडे लोकांत म्हण आहे, तिच्यावरून त्या चित्रपटाचे नाव ठेवले.

परंतु केवळ गहिवरून थांबू नये. ज्या हॅरिस नेकमध्ये ते गीत टिकले, ते गाव आज जागेवर नाही. १९४२ साली युद्धासाठी विमानतळ बांधावयाचा म्हणून सरकारने तेथील सुमारे ७५ काळ्या कुटुंबांची जमीन घेतली आणि थोड्याच आठवड्यांत त्यांना उठविले. युद्ध संपले, पण जमीन परत मिळाली नाही. १९६२ पासून तेथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. हिल्टन हेडवर पूल आला आणि त्यावरून श्रीमंतांची विश्रामगृहे आली. मृत्युपत्राविना वारसांच्या सामाईक नावावर राहिलेल्या जमिनी लिलावांतून आणि दाव्यांतून हातच्या गेल्या. भाषा पुस्तकात सुरक्षित राहत नाही. ती बोलणाऱ्यांच्या पायाखाली जमीन असेल तर ती राहते. २००५ साली गल्लात बायबलचा नवा करार छापला गेला आणि २००६ साली अमेरिकेच्या संसदेने गल्ला-गीची संस्कृतीच्या रक्षणाचा कायदा केला. हे चांगलेच झाले. पण कायदा आला तेव्हा बरीच जमीन गेली होती.

६. शाळेतील प्रश्न

आता माझ्या व्यवसायाशी संबंधित गोष्ट. अमेरिकेतील काळी मुले घरी जे इंग्रजी बोलतात ते शाळेतील इंग्रजीहून निराळे आहे. पुष्कळ शिक्षक त्याला अशुद्ध म्हणत आणि मुलाला मंदबुद्धी ठरवीत. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावी काही गरीब काळ्या मुलांच्या वतीने खटला भरण्यात आला. १२ जुलै १९७९ रोजी न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला. मुलांच्या घरच्या भाषेची दखल न घेता शिकविणे हा त्यांच्या शिक्षणातील अडथळा आहे, म्हणून शिक्षकांना त्या भाषेची ओळख करून देण्याची योजना शाळा मंडळाने आखावी, असे त्यांनी सांगितले. प्रमाण इंग्रजी शिकवू नका, असे त्यांनी सांगितले नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. प्रमाण भाषेपर्यंत पोहोचावयाचे ते घरच्या भाषेला पायरी करून, असा त्याचा अर्थ होता.

त्या बोलीला व्याकरण आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी त्या खटल्यात दाखविले. एकच उदाहरण देतो. त्या बोलीत ‘ही वर्किंग’ म्हणजे ‘तो आत्ता काम करीत आहे’. आणि ‘ही बी वर्किंग’ म्हणजे ‘तो नेहमी काम करीत असतो’. मराठीत आपण ‘आहे’ आणि ‘असतो’ यांत जो फरक करतो तोच येथे आहे. प्रमाण इंग्रजीत हा फरक क्रियापदाच्या अशा रूपाने होत नाही. मग अशुद्ध कोण ?

वर्गात एखादा मुलगा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतो आणि बाकीची मुले हसतात. तो दुसऱ्या दिवसापासून हात वर करीत नाही. त्याला उत्तर येत नाही असे नव्हे. त्याला तोंड उघडण्याची भीती वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लेरेन्स थॉमस जॉर्जियाच्या गीची बोलणाऱ्या वस्तीत वाढले. बोलण्यावरून चेष्टा होई म्हणून आपण गप्प राहून ऐकण्याची सवय लावून घेतली, असे त्यांनी २००० साली विद्यार्थ्यांना सांगितले. इतक्या उंच पदावर पोहोचलेल्या माणसालाही ती चेष्टा विसरता आली नाही. ‘ण’ अवश्य शिकवावा, मी रोज शिकवितो. पण आजीचा ‘न’ लाजिरवाणा आहे असे मुलाला कोणी शिकवू नये.

७. समूहाने कोणते नाव घ्यावे ?

अमेरिकेतील काळ्या लोकांनी स्वतःचे सामुदायिक नाव अनेकदा बदलले. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या संस्था आपल्या नावात ‘आफ्रिकन’ हा शब्द लावीत. १७८७ साली फिलाडेल्फियात ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ निघाली. पुढे ‘कलर्ड’, म्हणजे रंगाचे लोक, हा शब्द आला. नंतर ‘नीग्रो’ हाच शब्द मोठ्या अक्षराने लिहावा म्हणून चळवळ झाली आणि १९३० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मान्य केले. १९६६ साली स्टोकली कारमायकेल या तरुण नेत्याने ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि ज्या शब्दाने शिवी दिली जात होती तो ‘काळा’ हाच शब्द लोकांनी अभिमानाने उचलला. त्याने स्वतःही पुढे क्वामे तुरे असे आफ्रिकी नाव घेतले. १९८८ साली जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन-अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. इतर लोकसमूह आपल्या मूळ भूमीच्या नावाने ओळखले जातात, मग आपणच रंगाने का, असा त्यांचा सवाल होता. २०१६ साली ‘नीग्रो’ हा शब्द तेथील संघराज्याच्या कायद्यांतून काढण्यात आला.

या बाबतीत त्यांच्यात मतभेद होते आणि ते शिकण्यासारखे आहेत. १९२८ साली एका शाळकरी मुलाने ‘क्रायसिस’ मासिकाचे संपादक डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून ‘नीग्रो’ या शब्दाबद्दल तक्रार केली. डू बॉइस यांनी उत्तर दिले, त्याचा सारांश असा : नाव म्हणजे वस्तू नव्हे. उद्या सकाळी नाव बदलले म्हणून तुझ्याविषयीचा द्वेष बदलणार नाही. काम कर, म्हणजे नावालाही मान येईल.

डू बॉइस चुकले असे म्हणता येणार नाही. नाव बदलूनही घर भाड्याने मिळत नव्हते, नोकरी मिळत नव्हती. पण त्या शाळकरी मुलाचेही बरोबर होते, असे मला वाटते. नाव बदलल्याने शेजाऱ्याचे मन लगेच बदलत नाही, परंतु नाव घेणाऱ्याचे बदलते. दुसऱ्याने दिलेले नाव सोसावे लागते. स्वतः घेतलेले नाव निभवावे लागते. म्हणून नाव घेणे ही पहिली पायरी आहे. तिच्यावर उभे राहून पुढची पायरी चढली नाही, तर ती पायरी असूनही उपयोगाची नाही. हे आपल्यालाही लागू आहे, ते अधिक फोडून सांगावयास नको.

८. इतिहास कोण लिहिणार ?

नाव घेतले, भाषा ओळखली. पण पूर्वजांची आठवण कशी मिळवावयाची? या कामाला आयुष्य वाहणाऱ्याचे नाव कार्टर वुडसन. १८७५ साली व्हर्जिनियात जन्म. आईबाप गुलामीतून मुक्त झालेले. स्वतः कोळशाच्या खाणीत राबले आणि विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेले. १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. डू बॉइस यांच्यानंतर तेथून ती मिळविणारे ते दुसरेच काळे गृहस्थ.

आपल्या लोकांना इतिहासच नाही असे विद्यापीठांतही सांगितले जात होते. वुडसन त्यावर रागावून बसले नाहीत. १९१५ साली त्यांनी काळ्यांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली, १९१६ साली तिचे नियतकालिक काढले आणि १९२६ साली फेब्रुवारीत ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. १९३७ साली शाळाशिक्षकांसाठी वेगळे साधे मासिक काढले. त्यांना ठाऊक होते की इतिहास विद्वानांच्या कपाटात राहिला तर तो पोरांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या सप्ताहाचा १९७६ पासून महिना झाला.

१९७६ सालीच ॲलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ हे आपल्या कुळाचा शोध घेणारे पुस्तक निघाले आणि दुसऱ्या वर्षी त्याची दूरदर्शन-मालिका कोट्यवधींनी पाहिली. त्या पुस्तकातील वंशावळीच्या काही भागांवर अभ्यासकांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले. यातूनही शिकावे. अभिमान हवा, परंतु पुराव्यावाचून लिहिलेला अभिमान विरोधकाच्या एका धक्क्याने पडतो. टर्नर यांनी वीस वर्षे घालवून एकेक शब्द तपासला, म्हणून त्यांचे काम आजही उभे आहे.

९. आपल्या भूमीशी असलेले दुवे

हा विषय सातासमुद्रापलीकडचा असला तरी आपल्याला अगदीच परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज गेला होता त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आस्थेने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे सर्वांस माहीत आहे.

आफ्रिकेतून माणसे आपल्या बाजूसही आणली गेली. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मला. त्याचे मूळ नाव चापू. तो गुलाम म्हणून विकला गेला, मालकाने त्याचे नाव अंबर केले आणि त्या बदललेल्या नावानेच तो मोगलांशी झुंजला. १६१० साली त्याने वसविलेले खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच आफ्रिकी मुळाचे सिद्दी लोक कारवार जिल्ह्याच्या, म्हणजे उत्तर कन्नडच्या, जंगलपट्टीत राहतात. त्यांच्यातील पुष्कळांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीजांकडून सुटून आले. आज ते कोकणी बोलतात. पूर्वजांच्या भाषा त्यांच्याकडे जवळजवळ उरल्या नाहीत. सर्वांनाच टर्नर भेटत नाही.

१०. सार

आता सारे एकत्र पाहू. मालकाने नाव घेतले. लोकांनी घरात दुसरे नाव जपले आणि पुढे उघडपणे नवे नाव घेतले. मालकाने भाषा तोडली. लोकांनी तुकडे जोडून नवी भाषा केली. मालकाने अक्षर बंद केले; लोकांनी पाव देऊन अक्षर विकत घेतले. मालकाने इतिहास नाकारला. लोकांनी तो शोधून लिहिला. यात चमत्कार कोठेच नाही. आजीने नातीला गीत दिले, मुलाने अक्षर गिरविले, प्राध्यापकाने वही घेऊन बेटे पालथी घातली. आपल्या घरातील म्हातारी माणसे अजून आहेत तोवर त्यांची जुनी नावे, जात्यावरच्या ओव्या, सोडलेल्या आणि गमावलेल्या जमिनींच्या हकिगती एका साध्या वहीत, तारीख घालून, लिहून ठेवाव्यात. म्हाताऱ्या माणसांची सवड आपल्या हातात नसते. म्हणून हे काम याच महिन्यात सुरू करावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साउथ कॅरोलायनात १७४० साली लेखन आणि ढोल या दोहोंवर एकदम बंदी का आली ?

२. टर्नर यांच्या आधी गल्ला भाषेविषयी काय समजले जात होते ? ते चुकीचे आहे हे त्यांनी कशाच्या आधारे दाखविले ?

३. नावाच्या प्रश्नावर डू बॉइस आणि तो शाळकरी मुलगा यांपैकी आपणास कोणाचे पटते ? घरातील निदान दोन पिढ्यांनी आपापले मत सांगावे.

४. आपल्या घरात बोलला जाणारा, पण शाळेच्या पुस्तकात नसलेला असा एक शब्द सांगा. तो कोणाकडून आला, ते शोधा.

५. आपल्या आजी-आजोबांच्या आधीच्या पिढीतील किती जणांची नावे आपणास सांगता येतात ? जी सांगता येत नाहीत ती कोणाला विचारता येतील ?